उंबरठ्यापासून कचेरीपर्यंत

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. वीतभर बांधासाठीं वर्षानुवर्षें भांडून शेवटीं सारें शेतच कज्जापायीं विकून बसलेल्या लोकांच्या हकीकती आपण सर्वांनींच ऐकल्या आहेत. त्यांच्यापुरती ही म्हण अगदीं खरी आहे. परंतु बांध सोडून देतां येतो, तसें घर सोडून देतां येत नाहीं. नवऱ्यानें टाकलेली बाई, मुलांनीं वाऱ्यावर सोडलेला म्हातारा, आईबापांच्या ओढाताणींत सांपडलेलें लेंकरूं, यांना पायरी न चढण्याचें शहाणपण परवडत नाहीं. त्यांच्यापुढें प्रश्न असतो तो निराळाच. घराच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या पायरीपर्यंतची वाट चालावयाची कशी, आणि त्या वाटेवर आपल्याबरोबर येणार कोण?

ह्या वाटेवर सोबत करणारीं माणसें आज कायद्याच्या योजनेंतच नेमलेलीं आहेत. सरकारी भाषेंत त्यांस विधि स्वयंसेवक म्हणतात. पॅरा-लीगल हें त्यांचें इंग्रजी नांव. हे लोक वकील नव्हेत आणि न्यायाधीश तर नव्हेतच. मी त्यांना कायद्याचे साहाय्यक म्हणतों. त्यांचें काम काय, त्याची मर्यादा कोणती, आणि कौटुंबिक कज्जांत त्यांच्यावांचून उत्तमोत्तम कायदे देखील कसे पुस्तकांतच राहून जातात, एवढेंच आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

माझें वास्तव्य पांचगणीस आहे. पांचगणी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें टेबललँडचें विस्तीर्ण पठार, सुरूचीं झाडें, निवासी शाळा आणि स्ट्रॉबेरीचे मळे येतात. परंतु ह्याच डोंगरावर आणि त्याच्या उतारावर लहान लहान वाड्या आहेत. तालुक्याचें ठिकाण महाबळेश्वर सुमारें २० किलोमीटरांवर, पसरणीचा घाट उतरून वाई १२-१३ किलोमीटरांवर, आणि जिल्ह्याचें ठिकाण सातारा पन्नासएक किलोमीटरांवर. मोटारींतून येणाऱ्या पाहुण्याला हीं अंतरें कांहींच वाटत नाहींत. परंतु मळ्यांत रोजानें फळें तोडणाऱ्या बाईला साताऱ्याची एक खेप म्हणजे बुडालेला रोज, एस. टी. चें भाडें, लहान मुलाला शेजारणीकडे ठेवण्याची लाचारी आणि “कोठें गेली होतीस?” ह्या प्रश्नाला द्यावयाचें उत्तर. इतकें सोसून ती कचेरींत पोंचली आणि “हा कागद नाहीं, तो आणा, पुढच्या आठवड्यांत या” असें ऐकून परतली, तर ती पुन्हा जाईलच असा भरंवसा कोणी द्यावा? एका अपुऱ्या कागदासाठीं फुकट गेलेली एक खेप कित्येकदां सबंध हक्कच बुडवून जाते.

ज्ञानाची उणीव ह्या भागांत कधींच नव्हती. आमच्या घाटाच्या पायथ्याशीं, वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं धर्मकोशाचें व्यवहारकांड तयार झालें. दाय, स्त्रीधन, पोषण यांविषयींचीं प्राचीन वचनें तेथें मोठ्या विद्वत्तेनें एकत्र केलेलीं आहेत. परंतु विहीर कितीही खोल असली तरी पोहरा आणि दोर यांवांचून तहानलेल्याच्या ओंजळींत पाणी येत नाहीं. कायद्याचेंही तसेंच आहे.

मागचा इतिहास पाहिला तरी हेंच दिसतें. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला आपणांस ठाऊक असेल. अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें होतें. पुढें नवऱ्याच्या घरीं नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें, तेव्हां १८८४ सालीं नवऱ्यानें त्यांच्यावर फिर्याद केली. पहिला निकाल त्यांच्या बाजूनें लागला, अपिलांत तो फिरला, आणि १८८७ सालीं न्यायालयानें हुकूम दिला कीं, नवऱ्याकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत बसा. शेवटीं १८८८ सालीं तडजोड होऊन त्या सुटल्या आणि पुढें विलायतेंत शिकून नामवंत डॉक्टर झाल्या. त्यांच्या धैर्याला तोड नाहीं. परंतु त्यांच्याजवळ आणखीही कांहीं होतें. वर्तमानपत्रांत स्वतःची बाजू मांडण्याइतकें शिक्षण होतें, सुशिक्षित सावत्र वडील होते, आणि पाठीशीं उभे राहणारे मित्र होते. ज्यांच्याजवळ यांतलें कांहींच नव्हतें अशा त्यांच्या काळांतल्या बायकांचीं नांवें आपणांस माहीत नाहींत, कारण त्या कचेरीपर्यंत पोंचल्याच नाहींत.

कायदे पुढें बदलले. मुंबई इलाख्यांत १९४६ सालीं द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा झाला. सातारच्या ज्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं लहानग्या भीमरावांचें नांव दाखल झालें, त्याच शाळेचे ते विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढें देशाचे कायदेमंत्री झाले. हिंदु कोड बिल रखडलें हें १९५१ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडण्याचें एक मोठें कारण होतें. त्या बिलांतील बराच भाग १९५५ व १९५६ या दोन वर्षांत विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक व पोटगी अशा चार कायद्यांच्या रूपानें मंजूर झाला.

तरीही तीस वर्षांनंतर महाराष्ट्रांत टाकलेल्या बायकांचा प्रश्न जसाच्या तसा उभा होता. १९८८ सालीं संगमनेर येथें अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरविली. इकडे सांगली जिल्ह्यांत कासेगांवच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारिणींनीं अशा स्त्रियांसाठीं चळवळ उभी केली. त्यांच्या मागण्या ऐकल्या म्हणजे आपल्यासारख्या सुखवस्तु माणसांना आश्चर्य वाटेल. त्या शिधापत्रिका मागत होत्या, राहावयास जागा मागत होत्या. घटस्फोट झालेला नाहीं म्हणून माहेरच्या शिधापत्रिकेवर नांव नाहीं, आणि नवऱ्यानें हाकलली म्हणून सासरच्या पत्रिकेचा उपयोग नाहीं. कायद्यानें ती पत्नी होती. कागदावर ती कोठेंच नव्हती.

आतां आजची व्यवस्था काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि तो १९९५ सालीं अंमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमानें स्त्रिया आणि मुलें यांना, त्यांचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा प्राधिकरण व तालुक्याच्या ठिकाणीं तालुका विधि सेवा समिति असते, आणि तिची कचेरी बहुधा न्यायालयाच्या आवारांतच असते. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनि करूनही चौकशी करतां येते. महाराष्ट्रांत १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, मालमत्ता व हिंसाचार यांसंबंधींच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयाची फी माफ आहे. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्याप्रमाणें पुणें व मुंबई येथें १९८९ सालीं तशीं न्यायालयें सुरू झालीं आणि नंतर इतर शहरांतही निघालीं. जेथें तीं नाहींत तेथें पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढें चालतो. २००५ च्या कायद्यानें घरांतील हिंसाचाराविरुद्ध दाद मागतां येते आणि त्यासाठीं संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. पोलिसांच्या आवारांत बसून काम करणारे समाजकार्यकर्त्यांचे विशेष कक्ष मुंबईंत १९८४ सालीं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें सुरू केले. तेही पुढें राज्यांत पसरले.

श्रोतेहो, ही यादी ऐकून, मग उणीव ती कसली, असें आपणांस वाटेल. उणीव आहे ती जोडणाऱ्या माणसाची. हें ओळखूनच राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणानें २००९ सालीं विधि स्वयंसेवकांची योजना आखली. त्यांत शिक्षक व निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी, बचतगटांतील स्त्रिया, इतकेंच काय पण तुरुंगांतील सुशिक्षित बंदी देखील येतात. शिक्षणाची अट म्हणाल तर लिहितां वाचतां यावें, शक्य तर मॅट्रिक असावें, आणि गोष्ट समजून घेण्याची कुवत असावी. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला ही अट वाचून संतोष झाला, हें कबूल करावयास हरकत नाहीं. निवडलेल्यांना कांहीं दिवसांचें शिक्षण देतात आणि ओळखपत्र देतात. ज्या दिवशीं काम नेमून दिलें जाईल त्या दिवसाचें अल्प मानधन समितीकडून मिळतें. पक्षकाराकडून मात्र एक पैसाही घ्यावयाचा नाहीं.

मग हा साहाय्यक नेमकें करतो काय? एक उदाहरण कल्पूं. डोंगरावरच्या एका वाडीची मुलगी. नवरा मुंबईस माथाडी कामगार. दोन मुलें. मारहाणीला कंटाळून ती माहेरीं परत आली आहे. पहिल्यानें तिचा समज असा असतो कीं, लग्न मुंबईस टिकलें आणि मुंबईस मोडलें, तेव्हां खटलाही मुंबईसच करावा लागणार. आणि तेवढ्यावरच ती हात टेकते. साहाय्यक तिला सांगतो कीं, पोटगीचा अर्ज तूं जेथें राहतेस तेथेंही करतां येतो; हिंसाचाराचा अर्जही, माहेरीं तात्पुरती राहत असलीस तरी, येथेंच करतां येतो; इतकेंच नव्हे तर हिंदु विवाह कायद्याखालील अर्ज सुद्धां २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणीं करतां येतो. एवढ्या एका वाक्यानें दोन-तीनशें किलोमीटरांचें अंतर नाहींसें होतें.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. “त्याचा पगार किती तें मला काय ठाऊक?” असें ती म्हणते. माथाडी कामगारांसाठीं १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदित कामगारांच्या मजुरीचा हिशेब त्यांच्या मंडळाकडे असतो. तो न्यायालयामार्फत मागवितां येतो. शिवाय २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरवून दिलें आहे कीं, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणांत दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न, मालमत्ता व देणें यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. ह्या शेवटच्या गोष्टीचा अर्थ साहाय्यकानें पक्का ध्यानांत ठेवला पाहिजे. आज अर्ज न देतां सहा महिने घरीं बसून वाट पाहिली, तर ते सहा महिने हिशेबांत येत नाहींत.

मग कागदांची जुळवाजुळव. लग्नाची नोंद झालेली नसेल तर लग्नपत्रिका, छायाचित्र, लग्नास हजर असलेल्यांचीं नांवें, मुलांचे जन्मदाखले, शाळेचें बोनाफाइड, दवाखान्याचे केसपेपर, दूरध्वनीवरचे संदेश, सासरच्या जमिनीचा सातबारा व आठ-अ, माहेरून घातलेल्या दागिन्यांची यादी व असल्यास सराफाच्या पावत्या. स्त्रीधन परत देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी २००५ च्या कायद्याखालीं देऊं शकतात, पण दागिने कोणते हें तर सांगावयास हवें.

आणि मग सर्वांत कठीण काम, तें म्हणजे हकीकत लिहून घेणें. येथें जुन्या मास्तराचा थोडा उपयोग होतो. निबंध तपासतांना “खूप”, “फार”, “नेहमीं” ह्या शब्दांखालीं आम्ही तांबडी रेघ ओढीत असूं. अर्जांत “नेहमीं मारहाण करतात” असें लिहिलें कीं समोरचे वकील प्रथम विचारतात, “नेहमीं म्हणजे केव्हां?” बाई गोंधळते, आणि खरें बोलणारी खोटी ठरते. तिला तारखा आठवत नाहींत हें खरें. पण तिला बेंदूर आठवतो, वाईच्या घाटावरचा कृष्णाबाईचा उत्सव आठवतो, थोरल्याची परीक्षा आठवते, धाकटी तापानें फणफणली होती ती रात्र आठवते. जुनी दिनदर्शिका पुढें घेऊन साहाय्यकानें ह्या खुणांवरून शांतपणें तारखा लावाव्या. जें ठाऊक असेल तेंच लिहावें. आपल्या पदरचा एकही शब्द घालूं नये. विशेषतः गुन्हा जास्त गंभीर दिसावा म्हणून तर मुळींच नाहीं. वाढवून सांगितलेली एक गोष्ट खोटी ठरली कीं खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास उडतो, आणि निरपराध माणूस त्यांत गुंतला तर तोही अन्यायच होय. लिहून झाल्यावर कागद तिला वाचून दाखवावा, आणि “हें तुझेंच म्हणणें ना?” असें विचारून मगच सही घ्यावी. कोऱ्या कागदावर सही घेणारा, मग तो कितीही सद्‌हेतूनें घेवो, ह्या कामास नालायक समजावा.

निकाल लागल्यावरही काम संपत नाहीं. पोटगीचा हुकूम झाला आणि पैसे आलेच नाहींत, असें वारंवार घडतें. तेव्हां वसुलीचा अर्ज करावा लागतो, आणि पोटगीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आंत करावा लागतो. जुन्या फौजदारी संहितेचें १२५ वें कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचें १४४ वें कलम आलें, तरी ही मुदत कायमच आहे. “आज देईल, उद्यां देईल” म्हणून वाट पाहणाऱ्या कितीतरी बायांचे पैसे ह्या एका मुदतीपायीं बुडूं शकतात. साहाय्यकाच्या वहींत ही तारीख टिपलेली असली पाहिजे.

पांचगणीसारख्या गांवांत आणखी एक अडचण असते. हिंदु, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती असे सर्व समाज येथें शेजारीं नांदतात आणि प्रत्येकाचा विवाहविषयक कायदा निराळा. हिंदूंना १९५५ चा, पारशांना १९३६ चा, ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाला १८६९ चा, मुसलमान स्त्रीला घटस्फोट मागावयाचा तर १९३९ चा, आणि नोंदणी पद्धतीनें विवाह करणारांना १९५४ चा. हें सर्व साहाय्यकाला पाठ असण्याची गरज नाहीं. तें वकिलाचें काम. त्याला दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे पुरे. पहिली, कोणता प्रश्न धर्मपरत्वें बदलतो. आणि दुसरी, कोणता बदलत नाहीं. पोटगीचें १४४ वें कलम आणि २००५ चा हिंसाचारविरोधी कायदा सर्वधर्मीय स्त्रियांना सारखाच लागू आहे. घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही पोटगीच्या त्या जुन्या कलमाखालीं दाद मागतां येते, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं पुन्हा एकदां स्पष्ट केलें आहे.

आतां मर्यादेविषयीं. साहाय्यकानें न्यायालयांत वकिली करावयाची नाहीं, निकालाचें आश्वासन द्यावयाचें नाहीं, ऐकलेली गोष्ट पारावर बोलावयाची नाहीं. जिवाला धोका दिसला तर अर्ज बाजूस ठेवून आधीं ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावें आणि बाईला दवाखान्यांत न्यावें. परंतु ह्या सर्वांहून अवघड मर्यादा तडजोडीच्या बाबतींत येते, आणि तेथें मला थोडें स्पष्ट बोललें पाहिजे.

घर मोडूं नये ही आपली सर्वांचीच भावना आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यानेंही समेटाचा प्रयत्न करणें हें न्यायालयाचें कर्तव्य ठरविलें आहे आणि त्यासाठीं समुपदेशक दिले आहेत. समेट चांगलाच. पण गांवांत चार प्रतिष्ठित माणसें जमवून, “झालें गेलें विसरून जा, मुलांकडे बघ” असें म्हणून बाईला पुन्हा त्याच घरांत पाठवून दिलें कीं आपण मोठें पुण्य केलें असें आपणांस वाटतें. टाळ्या आपणांस मिळतात. रात्र तिला काढावयाची असते. म्हणून तडजोडीच्या वेळीं साहाय्यकानें तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हिला “नाहीं” म्हणण्याची मोकळीक होती काय? ठरलेल्या गोष्टी तारीख, रक्कम आणि सह्यांसह कागदावर आल्या काय? आणि ठरलेलें मोडलें तर पुढें काय, हें तिला ठाऊक आहे काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी असलीं तर तो समेट. त्यांतलें पहिलेंच नकारार्थी असेल, तर ती शरणागति होय. तिला समेटाचें नांव देऊं नये.

मुलांविषयीं बोलतांना मला माझ्या पेशाची आठवण होणें साहजिक आहे. आमच्या गांवांत निवासी शाळा पुष्कळ. आईबापांचा कज्जा मुंबईस किंवा पुण्यास चालतो आणि त्याचे पडसाद येथल्या वसतिगृहांत उमटतात. एका रविवारीं वडील येतात, दुसऱ्या रविवारीं आई. दोघेंही सांगतात कीं मूल आमच्याच ताब्यांत आहे. अशा वेळीं शाळेनें दोघांपैकीं कोणाच्याही तोंडी शब्दावर विसंबूं नये. न्यायालयाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत मागावी आणि तीप्रमाणें वागावें. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदु अज्ञान व पालकत्व कायदा, दोहोंतही मुलाचें हित पाहावें असें सांगितलें आहे. आणि आईही मुलाची नैसर्गिक पालक असूं शकते, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं स्पष्ट केलें. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या नांवाआधीं आईचें नांव येतें. पण कोणताही कायदा मुलाला “तुला कोण हवें?” हा प्रश्न दर भेटींत विचारण्याची परवानगी आईबापांना देत नाहीं. मूल हें निरोप्या नव्हे आणि साक्षीदारही नव्हे. एवढें जरी घरोघर पाळलें गेलें तरी वर्गांत खिडकीबाहेर पाहत बसणारीं कांहीं मुलें पुन्हा फळ्याकडे पाहूं लागतील.

टाकलेल्या बायकांप्रमाणेंच नांदत्या बायकांचाही एक प्रश्न आहे, तो हक्कसोडपत्राचा. पर्यटनामुळें आमच्याकडे जमिनीला मोल आलें. भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढें भाऊ कागद ठेवतो आणि ती न वाचतां सही करते. महाराष्ट्रानें १९९४ सालींच मुलींना वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हिस्सा देण्याचा कायदा केला होता. केंद्राची दुरुस्ती २००५ सालीं आली. आणि हा हक्क जन्मानें मिळतो, २००५ सालीं वडील हयात असोत वा नसोत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें. बहिणीनें हक्क सोडावा कीं ठेवावा हा तिचा प्रश्न. साहाय्यकाचें काम एवढेंच कीं, ती जें सोडते आहे तें काय आहे, हें सहीपूर्वीं तिला वाचून दाखवावें. तसेंच वृद्धांचें. २००७ च्या कायद्यानें त्यांना मुलांकडून निर्वाहखर्च मागतां येतो. त्याचें न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें बसतें, आणि अर्ज साधा असतो. पण थरथरत्या हातानें तो लिहिणार कोण?

श्रोतेहो, आपण बहुतेक शहरांतील सुशिक्षित घरांतले आहांत. आपणांस वाटेल कीं हें सर्व डोंगरावरच्या बायकांसाठीं आहे. तसें नाहीं. आपल्या घरीं स्वयंपाकाला येणारी बाई, आपल्या इमारतीच्या रखवालदाराची सून, आणि प्रसंग कोणावर येईल सांगतां येत नाहीं, आपली स्वतःची मुलगी, ह्या सर्वांना ह्याच वाटेनें जावें लागतें. म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवितों. लग्न झालें कीं त्याची नोंद ग्रामपंचायतींत किंवा नगरपालिकेंत करून दाखला मुलीच्या हातीं द्या. शिक्षणाचे दाखले, बँकेचें पुस्तक, दागिन्यांच्या पावत्या यांची एक प्रत तिच्या स्वतःजवळ असूं द्या. दिनदर्शिकेवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारीं १५१०० आणि स्त्रियांसाठीं असलेला १८१ हे दोन क्रमांक लिहून ठेवा. आणि ती कधीं तोंड उघडून बोलूं लागलीच, तर “सांभाळून घे” हे शब्द उच्चारण्यापूर्वीं तिचें बोलणें पुरें होऊं द्या.

निवृत्त झालेल्या माझ्या समवयस्कांना एक जास्तीची विनंति. सकाळचें फिरणें आणि सायंकाळचें वर्तमानपत्र यांतून आठवड्याचा एक दिवस काढतां येतो. आपल्या तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे जाऊन विधि स्वयंसेवकांची निवड केव्हां होणार याची चौकशी करा. अक्षर वाचनीय असावें, कान शांत असावे आणि तोंड आवरतें असावें. ह्या तीन गुणांवर पुष्कळ काम होतें. त्यांत कीर्ति नाहीं. खटल्याच्या निकालांत आपलें नांव येत नाहीं. मात्र प्रथम आली तेव्हां कागद उलटा धरणारी बाई वर्षाअखेरीस आपली पुढची तारीख स्वतः वाचून सांगते आणि म्हणते, “गुरुजी, उद्यां तुम्ही नाहीं आलांत तरी चालेल, मी जाईन.” साहाय्यकानें त्या दिवशीं तिच्याबरोबर जाऊं नये, आणि वहींत तिच्या नांवापुढें काम पुरें झाल्याची खूण करावी.